भाकड दीर्घिका

सरस्वती वाचता वाचता थांबली आणि मधली एक ओळ तिनं गिळली, हे केशरबाईंना कानानंच कळलं. सून पेपर वाचायला बसली की तिचा आवाज एका लयीत चालायचा, शेवया वळल्यासारखा, सुटा आणि सारखा. आज तो मधेच तुटला, घसा खाकरला गेला, आणि मग एकदम पुढच्या पानावर लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या बातमीवर जाऊन पडला. "मधलं काय खाल्लंस?" केशरबाईंनी विचारलं. "काही नाही आत्याबाई, तेच आपलं, अभ्यास कसा केला, वगैरे." "मंग ते वगैरे वाच की." सरस्वतीनं पदरानं चष्मा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. अंबाजोगाईतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात सकाळीच सिमेंट तापायला लागलं होतं, नळाला पाणी येऊन बारा दिवस झाले होते, आणि मोरीत झाकून ठेवलेल्या पिंपावर एक कावळा येऊन चोच आपटत होता. केशरबाईंनी हात पुढं केला. त्या दुसरीपर्यंत शिकलेल्या. अक्षर ओळखीचं होतं पण सलगीचं नव्हतं, एकेकाला दारातून आत बोलवून घ्यावं लागायचं. त्यांनी बोट टेकवलं आणि ओठ हलवत वाचायला घेतलं. वर मंजुळेचा फोटो. नात शोभते खरी, नाक आजोबांचं, सुंदररावांचं, हनुवटी आपली. खाली एक काळा चौकोन, त्यात एक भगभगीत तारा, आणि ताऱ्याच्या झळीत, बाण दाखवलाय म्हणून दिसतो, असा एक पुसट डाग. आपल्या भागातल्या मुलीनं शोधली अतिदूरची भिंगाकार दीर्घिका. यंत्रानं हा डाग ताऱ्याची झळाळी म्हणून वगळून टाकला होता, आणि मंजुळेला वाटलं की थांबा, इथं काहीतरी आहे. इथवर सरस्वतीनं वाचलंच होतं. मग ती ओळ आली. ‘आकाशाकडे कसं बघायचं हे मला माझ्या धाकट्या आजीने शिकवलं.’

तीनदा वाचली. तिसऱ्यांदा नुसता ‘धाकट्या’ हाच शब्द वाचला. धाकटी म्हटली की थोरली आलीच, पण थोरली कुठंच आली नव्हती. खालपर्यंत बोट नेऊन पाहिलं, मागच्या पानावर बातमी उतरली आहे का तेही पाहिलं. मागं खतांची जाहिरात होती. केशरबाईंनी पेपरची घडी घातली, घडीवर तळहात दाबून धरला, आणि त्यांच्या छातीच्या खाली, पोटाच्या वर, जिथं काहीच अवयव नसावा अशा जागी, काहीतरी आंबायला लागलं. ही जागा त्यांच्या ओळखीची होती. लई दिवस ती गप्प होती. त्यांना वाटलं होतं म्हातारपणानं बुजून गेली असेल, आडासारखी. बुजली नव्हती. नुसतं पाणी खाली गेलं होतं.

त्रेसष्ट साली सुंदररावांनी बायनाला दुसरी बायको करून आणली तेव्हा केशरबाईंच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि कूस उघडली नव्हती. सासू म्हणाली, घरात येतीया तर तूच कुंकू लाव. लावलं. सतरा वर्षांची पोर, तळवे भेगाळलेले, ऊसतोड करणाऱ्या घरातली, दारात पोत्यावर उभी, आणि कुंकू लावताना तिचा श्वास केशरबाईंच्या मनगटावर आला तो गरम आला, कांद्याचा वास असलेला. तो वास त्यांच्या मनगटाला अजून आहे. पुढच्याच वर्षी चमत्कार झाला तो केशरबाईंच्या पोटी झाला, उत्तरेश्वर झाला. आणि बायना राहिली तशीच राहिली. मग काय, केशरबाईंची जीभ सुटली. गोठ्यात, ओट्यावर, चार बाया जमल्या की, "आमच्या घरात एक भाकड हाय, वैरण तेवढी खाती." बाया हसायच्या. बायना शेण भरत असायची, भरत राहायची. नवऱ्याचं म्हणाल तर केशरबाईंनी त्याचा फार जीव जाळला नाही. नवरा म्हणजे पाटाच्या पाण्याची पाळी, आज तुझ्या वाफ्यात उद्या माझ्या, आणि पुढं ते साखर कारखान्याचे संचालक झाले तेव्हा पाणी दोघींच्याही वाफ्यात येईना. पण लेक वाटून दिला नाही. दूध संस्था वाटून दिली नाही. शहाऐंशी साली बायकांची दूध संस्था उभी केली ती केशरबाईंनी, अध्यक्ष झाल्या त्या केशरबाई, सही शिकल्या ती त्यासाठी, आणि जिल्ह्याच्या बैठकीत टेबलावर हात आपटला तो याच हातानं. बायना त्या सगळ्या वर्षांत गोठ्यात होती. सकाळी धार, संध्याकाळी धार. संस्थेच्या कॅनमध्ये घरचं पहिलं दूध पडायचं ते तिनं काढलेलं, पण कॅनवर नाव कुणाचं होतं? आणि आता पेपरात, साऱ्या जिल्ह्यानं वाचावं असं, धाकटी.

दोष आपलाच, हेही त्यांना ठाऊक होतं, आणि त्यानंच जास्त आंबत होतं. मंजुळा सात वर्षांची असताना सरस्वतीला दुसऱ्या वेळी दिवस गेले, तब्येत नाजूक, पोरीला दोन वर्षं गावाकडं ठेवली. आजीपाशी राहू दे, असंच ठरलं होतं. पण आजीला बैठका होत्या. बीडला जा, फॅट कमी लागली म्हणून भांड, चिलिंगची गाडी वेळेवर येईना म्हणून भांड. पोरगी गोठ्यात रमली. केशरबाई घरी यायच्या तेव्हा ती बायनाच्या वाकळेत झोपलेली असायची, तोंड उघडं, केसांत कडब्याची काडी. एकदा त्यांनी तिला तशीच उचलून आपल्या पलंगावर आणली होती. सकाळी उठून बघतात तर जागा रिकामी, आणि गादीवर पोरीच्या अंगाची ऊब सुद्धा राहिली नव्हती, इतक्या लवकर उठून गेलेली. त्या सकाळी त्यांनी गादीवर हात फिरवला होता. कुणी बघितलं नव्हतं. बरं झालं, कुणी बघितलं नव्हतं.

दुपारी मंजुळेचा पुण्याहून फोन आला. केशरबाईंनी फोन कानाला घट्ट लावला, जणू त्यातून काही सांडेल. "वाचलंस का गं, आजी?" "वाचलं. काय गं ते, भिंग का काय?" "मसुराच्या दाण्यासारखी असते बघ. मधे फुगीर, कडेला पातळ. आपली आकाशगंगा कशी फिरत्या चक्रासारखी, हात पसरलेली, तशी नाही. हिला हात नाहीत." "आन् करती काय ती?" मंजुळा हसली. "काही नाही करत. तारे जन्माला घालायचं थांबलीय. त्याला लागणारा वायू सरला. जुने तारे आहेत तेवढे जळतायत, लालसर, हळू हळू." "म्हंजी भाकड."  तिकडून पंख्याचा आवाज आला, कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आला. मग मंजुळा म्हणाली, "हो. भाकड. हा शब्द मी तुझ्याच तोंडून शिकले, आजी." बोलली ती रागानं नव्हे, एखादी वस्तू जिथली तिथं ठेवावी तशी बोलली, आणि पुढं लगेच, "चारशे कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड आहे तो, आत्ता पोचला," असं काहीबाही सांगत राहिली. केशरबाईंना त्या डागाचाही राग आला. इतक्या लांबून यायचं, साऱ्या पृथ्वीवर कुणी विचारलेलं नसताना, आणि आमच्याच पोरीच्या डोळ्यात शिरायचं. शेवटी मंजुळा म्हणाली, "संस्थेनं माझा सत्कार ठेवलाय ना रविवारी, मी येतेय. धाकट्या आजीला आणशील ना स्टेजवर? तिच्याशी फोनवर बोलता येत नाही, ती नुसती हो हो करते." "आणते की," केशरबाई म्हणाल्या.

फोन ठेवला आणि लगेच गावाकडं संस्थेचा चिटणीस रामकिसन याला लावायला सांगितला. रामकिसननं कार्यक्रम रविवारी संध्याकाळी पाचला धरला होता. "सकाळी धाला घ्या," केशरबाई म्हणाल्या. "बाई, भर उन्हात? पोरगी पुण्याहून येणार, माणसं—" "मांडव घाला. धा म्हंजी धा." "बरं बाई," रामकिसन म्हणाला. त्याला कळलं असेल किंवा नसेल. केशरबाईंना पुरतं कळत होतं. औंदा बंधारे कोरडे, विहिरींचे तळ दिसलेले, म्हणून संस्थेनं गावाबाहेर चारा छावणी काढली होती, आणि रविवारी सकाळी दहाला छावणीत मोजणी असायची. तालुक्याचा माणूस वही घेऊन दावणी-दावणीनं फिरायचा, आणि ज्याची जनावरं त्याच्या घरचं माणूस दावणीला उभं नसेल तर ती जनावरं यादीतून उडायची, पुन्हा वैरण नाही. एकाची गुरं दुसऱ्याच्या नावावर लावून लबाडी चालली होती म्हणून हा नियम आणला होता, आणि बैठकीत भांडून आणला होता तो केशरबाईंनीच. त्यांच्या घरची सात जनावरं छावणीत होती. त्यांच्यापाशी बायना राहत होती, रात्रंदिवस, दोन महिने. सात जनावरं सोडून बायना स्टेजवर येणार नाही. जीव गेला तरी येणार नाही. केशरबाईंनी फोन सुनेच्या हातात दिला आणि पेपरची घडी उशीखाली सारली. जागा आंबायची थांबली नाही. वाटलं होतं थांबेल.

दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वरची जीप घेऊन त्या स्वतः छावणीवर गेल्या. का गेल्या? निरोप पाठवता आला असता. पण त्यांना तोंड बघायचं होतं. पेपरात नाव आल्यावर बायनाचं तोंड कसं दिसतं ते बघायचं होतं, फुगलंय का, वर झालंय का. घाटनांदूरच्या अलीकडं रस्ता सोडला की उघडी माळजमीन, तिथं बांबू रोवून बांधलेल्या दावणी, उसाच्या वाढ्यांचे भारे, शेणाचा आणि टँकरच्या ओल्या मातीचा वास. बायना एका जुन्या लुगड्याच्या सावलीत बसून वासराच्या कानातल्या गोचड्या काढत होती. सत्तर वर्षांची, हाडं आणि कातडी. "अक्का, तुमी? ह्या उन्हाचं?" "कावून? मला बंदी हाय?" "बसा की. पाणी देऊ? टँकरचं हाय, गाळ खाली बसू दिलाय." केशरबाई पोत्यावर बसल्या. गुडघे वाजले. पाणी प्यायल्या, मातीची चव घशातून खाली गेली. बायना त्यांच्याकडं बघत होती, म्हणजे बघत नव्हती. नेहमीसारखी तिची नजर केशरबाईंच्या कानापलीकडं कुठंतरी होती. त्रेपन्न वर्षं ही नजर अशीच कानावरून जायची, आणि त्रेपन्न वर्षं केशरबाईंना वाटत आलं होतं की हा माज आहे, गरिबाघरचा छुपा माज.

"पेपरात आलीस तू."

"म्या? माझं कुठं नाव येतंय."

"नाव न्हाई. धाकटी आजी म्हणून."

"मंग ते नात्याचं हाय, अक्का. माझं न्हाई." बायना गोचडी दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं चिरडत म्हणाली. तोंड फुगलेलं नव्हतं. काहीच नव्हतं त्यावर, आणि त्यामुळं केशरबाईंना काय धरून भांडावं ते कळेना. "काय शिकवलंस गं तिला? सांग. आमच्या संगट बारा गावं हिंडली आसती तर काय शिकली नसती का?"

"म्या काय शिकवू, मला काय येतंय?" बायनानं वासराचा दुसरा कान हातात घेतला. "पहाटं धारेला उठायची माझ्यासंगं. कृतिका मोजायची. सहाच भरायच्या तिच्या. हट्टानं डोळे रोखायची, मंग रडायची. तवा म्हणलं, रोखू नको बाय. जरा कडंला बघ, दुसरंच काय तरी बघितल्यावानी. अंधुक आसतंय ते रोखून बघितलं की पळतंय. कडंनं बघितलं की आपुन होऊन येतंय. लागली मोजायला. एक दिस नऊ म्हणली. काय नाचली!"

"आन् हे तुला कुणी शिकवलं?"

बायनानं वासराच्या पाठीवरून हात फिरवला. "तुमीच की."

"मी?"

"घरात आले त्याच दिवशी म्हणलाव तुमी, माझ्या तोंडाकडं बघायचं न्हाई. मंग न्हाईच बघितलं म्या. कडंनं बघायचे." ती हसली, वरचे दोन दात नव्हते. "कडंनं लई दिसतंय, अक्का."

 काय दिसतंय, असं केशरबाईंना विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलं. आणि बायनानं सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, गुरांची लक्षणं सांगावीत तसं. तुम्ही चिडलात की डाव्या पायाचा अंगठा भुईत रुतवता. उत्तरेश्वरच्या वेळी कळा सुरू झाल्या तर कुणाला सांगितलं नाहीत, पीठ मळत राहिलात, मीच सुईणीला पळत जाऊन आणली, तुम्हाला वाटलं सासूनं आणली. मालक गेले तेव्हा लोकांदेखत टिपूस काढलं नाहीत. तेराव्या दिवशी गोठ्यात येऊन कपिली गाईच्या गळ्याला मिठी मारून रडलात. "म्या कडब्याच्या आडूशाला हुते. उठले न्हाई. उठले आसते तर तुमी थांबला आसताव." केशरबाईंनी पायाकडं पाहिलं. डावा अंगठा मातीत रुतला होता. त्यांना वाटलं कुणीतरी आपलं लुगडं ओढून काढलं, आणि मग त्याहून वाईट काहीतरी वाटलं: त्या रडण्याला कुणीतरी सोबत होतं. एवढी वर्षं त्या समजत होत्या की ते एकटीनं केलेलं काम आहे, त्याचा त्यांना गर्व होता, आणि त्यातही ही वाटेकरी निघाली. आणि आपण? आपण हिच्याकडं रोखून बघितलं, रोज, डोळे काढून, वाकडं काही सापडतंय का म्हणून. ही कोणत्या कुशीवर झोपते? भाकरीबरोबर कांदा खाते का मिरची? मूल होत नाही म्हणून ही कधी रडली असेल तर कुठं जाऊन रडली? केशरबाईंनी आठवून पाहिलं. शेणाची पाटी आठवली, पाठ आठवली, कुंकू लावतानाचा श्वास आठवला. बाकी त्रेपन्न वर्षांच्या जागी एक भगभगीत झळ होती, आणि त्या झळीत बसलेल्या, आपण स्वतः. नवऱ्यानं आपल्याकडं असं कधी पाहिलं नाही, लेकानं नाही, संस्थेतल्या चारशे बायांनी नाही. एकीनंच पाहिलं, आणि तीही ही. हा हेवा कुणाचा करायचा, आणि कुठं नेऊन ठेवायचा?

"रविवारी धाला हाय म्हणं सत्कार," बायना म्हणाली. "तुमीच ठेवला आसंल."

"व्हय. मीच ठेवला."

"बरं केलं. मला तसल्या ठिकाणी हात कुठं ठिवावा कळत न्हाई. मोजणीबी हाय." मग, केशरबाई उठल्यावर, पाठीमागून, "मंजुळीला एवढं इचारा अक्का, तिच्या मोठ्या दुर्बिणीतनं कृतिका किती भरत्यात."

तीन दिवस केशरबाईंनी त्या स्टेजवर बसून पाहिलं, मनातल्या मनात. खुर्ची, टोपी घातलेले पाहुणे, हार, माईकची शिट्टी. मंजुळा येते, पायाला हात लावते, आणि वर उठताना तिची नजर त्यांच्या खांद्यावरून मागं जाते, मांडवात फिरते, कुणालातरी शोधते. दर वेळी तिथंच यायचं आणि तिथंच अडायचं. कितीदा पाहिलं तरी ती नजर आपल्यावर ठरेना. धाकटी नाही म्हणून मिळालेली खुर्ची. कुणीतरी उठून गेलेलं पान. केशरबाई जन्मात दुसऱ्याच्या पानावर बसल्या नव्हत्या. सरस्वती जेवायला वाढायची आणि त्या ताटाकडं बघत बसायच्या. "बरं नाही का, आत्याबाई?" "मला काय धाड भरलीया!" शनिवारी त्यांनी कपाट उघडलं, सत्कारासाठी काढून ठेवलेलं नवं इरकल लुगडं बाहेर घेतलं, पिशवीत घातलं, आणि उत्तरेश्वरला सांगितलं की सकाळी आधी छावणीवर जायचं.

नऊ वाजता बायना वाढे तोडत होती. केशरबाईंनी पिशवी तिच्या पुढ्यात टाकली. "ऊठ. लुगडं बदल. हात धू, शेणानं बरबटलेत."

"कुठं?"

"मंजुळीपाशी. जीप उभी हाय."

"आन् मोजणी?"

"मी देते."

बायना उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिचे डोळे भरकटले, कानावरून तोंडावर आले, घाबरून परत गेले. "अक्का, तुमी हितं बसनार? लोक काय म्हणतील?"

"लोकांची अध्यक्ष मी हाय. काय म्हणतेत ते माझं मी बघते. आता जातीस का ढकलू?"

"मंजुळी इचारंल तुमाला."

"सांग, थोरली गुरं राखतीया." आणि बायना आडोशाला जाऊन लुगडं नेसून आली तेव्हा केशरबाईंनी तिच्या निऱ्या दोन हिसक्यांत सारख्या केल्या, जरा जास्तच जोरानं. लुगडं तिला शोभत होतं. हे बघून जीव शांत झाला असं कुणी समजू नये. जीप धुरळ्यात गेली तोवर केशरबाईंच्या जिभेवर कडू आलं होतं, आणि त्या पोत्यावर बसून वासराला म्हणाल्या, "तू काय बघतोस?"

दहाला तालुक्याचा माणूस आला, डोक्याला रुमाल, हातात वही, कानावर पेन्सिल, खिशात पेन. पलीकडच्या दावणीला छबुबाई होती, यंदा ऊसतोडीवरून लवकर परतलेली. तिचे दोन बैल मोजून तो इकडं वळला. गावाच्या बाजूनं मांडवातल्या भोंग्याचा आवाज येत होता, शब्द लागत नव्हते, नुसता चढउतार. त्यानं वहीतून मोठ्यानं वाचलं, "बायनाबाई भ्रतार सुंदरराव. जनावरं सात." दोन्ही नावं एका दमात, साऱ्या दावणीला ऐकू जातील अशी. केशरबाईंनी ती अशी जोडून कधी कुणाला घेऊ दिली नव्हती. घरात तर सोडाच, रेशनकार्डावरसुद्धा. "बायनाबाई हाजर?" त्यानं विचारलं.

"न्हाई. मी हाय."

"आवो, ह्या अध्यक्षीणबाई हायत," छबुबाई खुसखुसली.

"असतील. पण घरचं माणूस लागतंय, नियम हाय."

"नियम मला सांगू नको. मीच आणलाय. घरचीच हाय मी."

त्यानं कानावरची पेन्सिल काढली. "मग नातं काय टाकू? बहीण?"

भोंग्यातून टाळ्या वाजल्या. लांबून त्या वैरण झटकल्यासारख्या ऐकू आल्या. वाजत राहिल्या, लई वेळ. तिकडं कुणीतरी कुणाच्यातरी गळ्यात पडलं असणार. केशरबाईंनी तिकडं मान वळवली नाही. त्रेपन्न वर्षं गावानं बोट दाखवलं होतं ते बायनाकडं, ती बघा केशरबाईंची सवत. तो शब्द कधी उलटा फिरून यांच्या दाराशी आला नव्हता, आणि त्यांनी येऊ दिला नसता.

"सवत," त्या म्हणाल्या.

"आं?"

"बहिरा हायस का? बायनाबाईची सवत. म्हणून लिही."

छबुबाईचं हसू तोंडातच राहिलं. माणसानं रकान्यावर पेन्सिल टेकवली, वर बघितलं, पुन्हा टेकवली.

"पेन्सिल ठेव," केशरबाई म्हणाल्या. "शाईनं लिही."